चाळीस मैल

समासातली टीप छोटीच होती. ‘४० मैल म्हणजे ६४ किमी. आजचा वाचक हसेल. आकडा गाळून नुसतं “भन्नाट वेगाने” केलं तर?’

संपादक पुण्याचे, नजर तीक्ष्ण, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. ताशी चौसष्ट किलोमीटर हा वेग आज रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर कुठलीही स्कूटर गाठते, आणि मागे बसलेली मावशी पदरसुद्धा सावरत नाही. हस्तलिखितात मात्र या वेगाचं वर्णन असं आहे, की जोहरी बाजारातून जणू वीजच गेली.

मूळ पुस्तक हिंदीत आहे. जयपूरच्या चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, जन्म काढलेल्या एका जवाहिऱ्याच्या आठवणी. लेखक आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मी त्यांना बाबूसा म्हणते, ते मला बाईसा म्हणतात. इथल्या बोलीतला हा ‘सा’ आपल्या ‘राव’सारखा आदराचा, फक्त तो बायकांनाही लागतो. १९५५ साली बाबूसा तेरा वर्षांचे होते आणि त्यांच्या थोरल्या भावाने दिल्लीहून एक जुनी एमजी टीसी आणली होती. दोन माणसांची, वरून उघडी, लाल. त्या गाडीतून भल्या सकाळी चांदपोलपर्यंत मारलेल्या फेरीचा हा परिच्छेद. गाडी ‘हवा से बातें’ करत होती असं बाबूसा लिहितात, आणि लगेच पुढे आकडा देतात: चालीस मील.

हिशेबाने पाहिलं तर संपादक जिंकतात. टीसी इंग्लंडात १९४५ ते १९४९ या काळात बनली, सगळ्या मिळून सुमारे दहा हजार. इंजिन १२५० सीसीचं, ताकद ५४ अश्वशक्ती. नवी होती तेव्हाही ती जुन्या वळणाचीच होती: लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा, सायकलीसारखी तारांची १९ इंची चाकं, कोपर बाहेर काढता यावं म्हणून वरून कापलेली दारं. सगळा जोर लावला की ती ताशी १२० किलोमीटरच्या आसपास पोचायची. थांबलेल्या अवस्थेतून ताशी शंभरावर जायला तिला वीस सेकंदांहून जास्त लागत. आज हप्त्यावर घेतलेली साधी घरगुती गाडी हेच काम बारा-चौदा सेकंदांत करते. बाबूसांच्या मुलाची विजेवरची गाडी त्याहूनही लवकर करते, तेही आवाज न करता. (विजेच्या गाडीचं फार कौतुक नको. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा माणसाने मोटारीतून पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ साली, आणि ती गाडी विजेचीच होती. बेल्जियमच्या कामिय येनात्झीची. तिचं नाव ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे कधीच समाधान न होणारी. फ्रेंचमध्ये नाव स्त्रीलिंगी, मराठीतही गाडी स्त्रीलिंगी. असं काही आयतं जुळून आलं की भाषांतरकाराचा दिवस चांगला जातो.)

मी बाबूसांना फोन केला. म्हटलं, संपादक आकडा काढा म्हणतायत. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “आँकड़ा निकाल देंगे तो मैं कहाँ बचूँगा, बाईसा?” मला अर्थ लागला नाही. त्यांनी फोनवर समजावायला नकार दिला आणि रविवारी पहाटे हवेलीवर बोलावलं.

गाडी अजून आहे. हवेलीच्या पहिल्या चौकात, एका बाजूला रद्दीचे गठ्ठे आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, मध्ये ती. दर हिवाळ्यात जयपुरात जुन्या मोटारींचा मेळावा भरतो, तिथे मी अशा गाड्या पाहिल्या होत्या: आरशासारख्या घासलेल्या, दोरीपलीकडे उभ्या, शेजारी फेटेवाले मालक. ते मला कधी फार आवडलं नाही. तिथे गाडी दागिना होते, आणि दागिन्याला कुणी वेग विचारत नाही. बाबूसांची गाडी मात्र तेल गळत होती. वडिलांनी एकट्याने बाहेर काढू नये म्हणून मुलाने बॅटरीची तार सोडवून ठेवलेली असते. त्या दिवशी त्याने ती जोडली, पुढून हँडल मारून गाडी सुरू करून दिली आणि अटी सांगितल्या: चांदपोलपर्यंत जायचं, परत यायचं, उजाडायच्या आत. आणि मी स्कूटरवर मागे असेन.

मी डाव्या सीटवर बसले आणि फोनवरच्या त्या वाक्याचा अर्थ समोरच दिसला. टीसीत वेगाचा काटा चालवणाऱ्याच्या पुढ्यात नसतो. त्याच्यासमोर इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी असते. वेगाची तबकडी शेजारच्या माणसासमोर, लाकडी फळीच्या पार डावीकडे. चालवणाऱ्याला ती बघायची तर मान वळवावी लागते. १९५५ साली या सीटवर तेरा वर्षांचा मुलगा बसत असे. भाऊ ओरडून विचारायचा, कितना? आणि मुलगा वाचून सांगायचा. पुस्तकातला ‘चालीस मील’ हा लेखकाने नंतर घातलेला तपशील नव्हता. ते त्या परिच्छेदातलं त्या मुलाचं एकमेव बोलणं होतं.

चारदीवारीतला वेग समजायला तिथले रस्ते डोळ्यांपुढे हवेत. सवाई जयसिंगाने १७२७ साली हे शहर वसवलं तेव्हा मुख्य रस्ते शंभर फुटांहून रुंद आखले, आणि सूरजपोलपासून चांदपोलपर्यंतचा पूर्व-पश्चिम रस्ता ओळंबा धरल्यासारखा सरळ. कागदावर बघितलं तर मोटारींसाठीच आखलेले वाटावेत. दिवसा त्यांच्यावरून कुणीही धावू शकत नाही. ई-रिक्षाला कायद्यानेच ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे, आणि जोहरी बाजारात तेवढाही वेग मिळाला तर रिक्षावाला नशीब मानतो. हातगाड्या, सायकलरिक्षा, खरेदीला आलेली अख्खी लग्नघरं, दोन बैल आणि एक पर्यटकांची बस. ताशी दोनशेची गाडी इथे आणा, ती ई-रिक्षाच्या मागे उभी राहील. आजच्या मानाने जुनी गाडी वेगवान वाटते का, असं विचारणाऱ्याने आधी ‘आज’ म्हणजे कुठला रस्ता आणि किती वाजता, हे सांगायला हवं.

पहाटे पावणेसहाला मात्र रस्ता रिकामा होता. जानेवारीतली थंडी. बाबूसांनी पुढची काच बॉनेटवर आडवी पाडली आणि निघाले. जोहरी बाजारातून बडी चौपड, तिथे फुलांच्या टोपल्या उतरवणारी माणसं, दाण्यांवर उतरलेली कबुतरं. डावीकडे वळून त्रिपोलिया बाजार. हवामहल उजव्या खांद्यामागे राहिला. तिथे त्यांनी पाय दाबला.

मी सावकाश चालणाऱ्या गाडीत बसले होते याचे पुरावे माझ्याजवळ होते: काटा समोर होता, आणि मुलगा स्कूटरवर एका हाताने मफलर सारखा करत आरामात मागून येत होता. तरी माझं पोट पाठीला चिकटलं. आसन इतकं खाली की दाराच्या कापलेल्या कडेवरून हात सोडला तर रस्ता हाताला लागेल असं वाटतं. टायर अरुंद, प्रत्येक खड्डा आधी चाकाला, मग लाकडाला, मग आपल्या माकडहाडाला कळतो. स्टिअरिंगला ढिलाई आहे, म्हणून बाबूसांचे हात सरळ रस्त्यावरही सतत हलत होते. वारा तोंडात घुसून बोलू देत नव्हता. बाजारातली बंद दुकानं, एकसारख्या गेरू-गुलाबी कमानी, एकेक न दिसता सलग पट्टा होऊन सरकत होत्या. “कितना?” बाबूसा ओरडले. मी वाचलं: “अट्ठाईस!” म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर. फळीवर एक छोटा दिवा लागला होता. इंग्लंडात १९३५ पासून वस्तीत ताशी तीस मैलांची मर्यादा होती, तिची आठवण करून देणारा. वीस मैलांवर तो लागतो, तीस ओलांडले की विझतो. चालवणाऱ्याने तो विझू देऊ नये अशी अपेक्षा. भावाचा सगळा खेळ तो दिवा विझवण्याचा असायचा, हे बाबूसांनी नंतर सांगितलं.

आमचा दिवा विझला नाही. काटा तिसाला टेकणार तेवढ्यात बाबूसांनी पाय उचलला, गिअर उतरवला, आणि गाडी जवळजवळ चालीवर आणली. समोर काही नव्हतं. डाव्या हाताला ‘मनिहारों का रास्ता’ होता, लाखेच्या बांगड्या वळणाऱ्यांची गल्ली, पूर्ण बंद. तिचं तोंड ओलांडल्यावर त्यांनी पुन्हा वेग घेतला. परतताना ती गल्ली उजवीकडे, रस्त्याच्या पलीकडे होती. तरी तिथे पुन्हा तेच. मी विचारलं तर म्हणाले, “आदत.”

इंग्रजी गद्यात याच प्रश्नावर एक जुनी फिर्याद आहे. थॉमस डी क्विन्सीने १८४९ साली टपालगाडीवर लांबलचक निबंध लिहिला. आगगाडी तेव्हा नवी होती आणि टपालाच्या घोडागाडीपेक्षा कितीतरी वेगवान होती. डी क्विन्सीचं म्हणणं असं, की आगगाडीचा वेग ही आपल्याला कळवलेली माहिती असते. पोचल्यावर घड्याळ बघून पटते. घोडागाडीचा वेग मात्र घोड्याच्या डोळ्यांत, नाकपुड्यांत, टापांत दिसतो आणि तिथून आपल्या अंगात येतो. त्याच्या गाड्या ताशी दहा-बारा मैलांनी जात. एम.ए.ला असताना मला हे म्हाताऱ्या माणसाचं रडगाणं वाटलं होतं, आणि थोडंसं ते आहेच. प्रत्येक पिढी आपलं वाहन शेवटचं खरं वाहन समजते. डी क्विन्सीने ज्या आगगाडीला निर्जीव म्हटलं तिच्यावर नंतरच्या माणसांनी जीव टाकला.

तरी महिन्याभराने त्याची आठवण आलीच. बाबूसांचे डोळे दाखवायला मुलगा त्यांना दिल्लीला नेत होता, मलाही तिकडे काम होतं, मी त्यांच्याबरोबर निघाले. दौशाजवळ आम्ही दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवेला लागलो. दौसा-सोहना हा त्याचा पट्टा २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. मोटारींना मर्यादा ताशी १२०. टीसीने उभ्या आयुष्यात जीव काढून गाठला असता तो वेग मुलाच्या गाडीने एका बोटाच्या हुकमावर धरला आणि तासभर सोडला नाही. काचेबाहेर मोहरीची शेतं संथ सरकत होती. खाली दगड आहे की डांबर, कळत नव्हतं. मी मुद्रितं तपासली. बाबूसा मागच्या सीटवर झोपले, आणि सोहन्याच्या टोलनाक्यावर गाडी थांबल्यावर जागे होऊन त्यांनी विचारलं, दौसा आला का?

जुन्या गाडीत असं काय आहे, याचं मला पटलेलं उत्तर चारदीवारीतच आहे, पण ते मोटारीत नाही. जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र हे २७ मीटर उंच दगडी घड्याळ आहे. उतरत्या भिंतीची सावली बाजूच्या कमानदार पट्टीवर पडते आणि वेळ दोन सेकंदांपर्यंत अचूक वाचता येते. तिथे पट्टीजवळ बसलं की सावली चालताना दिसते: सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर, मिनिटाला तीन-चार बोटं. आपल्या मनगटी घड्याळाचा तासकाटा आकाशातल्या सूर्याच्या दुप्पट वेगाने फिरतो, कोनाच्या हिशेबाने. तरी तो हलताना कुणी पाहिलेला नाही. जयसिंगाने गती वाढवली नाही. गती दिसेल एवढ्या जवळ माणसाला आणून बसवलं, इतकंच. टीसीच्या त्या खालच्या सीटचंही काम हेच आहे. आधुनिक गाडी आपल्याला रस्त्यापासून, वाऱ्यापासून, इंजिनापासून, एकूण घडत असलेल्या गोष्टीपासून दूर नेऊन बसवते. त्याचे पैसे आपण खुशीने देतो, आणि द्यावेतच. त्या दूर नेण्यामुळे माणसं वाचतात. टीसीत पट्टा नाही, डोक्यामागे आधार नाही. मुलगा तार सोडवून ठेवतो ते बरोबरच करतो.

जाता जाता, या वेधशाळेशी आमच्या धंद्याचं नातं आहे. जयसिंगाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे पंडित होते, मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. त्यांनी अरबी शिकून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ म्हणून आणि टॉलेमीचा ग्रंथ ‘सम्राट सिद्धांत’ म्हणून संस्कृतात आणला. ग्रीकातून अरबीत, अरबीतून संस्कृतात. ग्रहांच्या गतीचे आकडे हा प्रवास न सांडता करू शकतात. चंद्राच्या गतीला कुणी हसत नाही.

मोटारीचं तसं नाही. म्हणून प्रश्न उरला शब्दाचा. ‘हवा से बातें’चं मराठीत ‘वाऱ्याशी गप्पा’ केलं तर वाक्य कट्ट्यावर जाऊन बसतं. ‘वाऱ्याच्या वेगाने’ म्हणजे शाळेतला निबंध. ‘सुसाट’ चांगला, कानात वारा भरतो, पण तो रिकाम्या रस्त्याचा शब्द आहे. सुसाटच्या वाटेत कुणी येत नाही. ‘भन्नाट’ आता मिसळीलाही लागतो. ‘चौखूर’ घोड्यालाच हवा. राहिला ‘भरधाव’. घोडा भरधाव सोडायचा, या अर्थाने तो आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून दौडत आला आणि आता वर्तमानपत्रातल्या एकाच प्रकारच्या बातमीत उरला आहे: भरधाव ट्रक, भरधाव मोटार, आणि पुढे कुणाचं तरी वय.

इथे राहून मला त्या शब्दाची दुसरी बाजू जास्त ऐकू येते. त्रिपोलिया बाजारात ईसरलाट नावाचा उंच मनोरा आहे, सवाई ईश्वरीसिंगाने विजयाची खूण म्हणून बांधलेला. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकरांची फौज जवळ आल्याची बातमी आली आणि त्याच ईश्वरीसिंगाने आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात शहरात शिरलेल्या मराठ्यांची जयपूरकरांनी कत्तल केली. आपण ज्या घोडदौडीचा अभिमान शाळेपासून बाळगतो, ती या रस्त्यावरच्या माणसांनी समोरून पाहिली होती. वेग नेहमी दोन ठिकाणांहून दिसतो, आणि आठवणी बहुतेक वेळा सीटवर बसलेलाच लिहितो.

बाबूसांच्या परिच्छेदाचा शेवट तसा गमतीचा आहे. मनिहारों के रास्तेच्या तोंडाशी एका बांगडीवाल्याची टोपली उडाली, लाखेच्या लाल-हिरव्या बांगड्या चौपडीपर्यंत घरंगळत गेल्या, भावाने मागे न बघता खिशातून नोटा काढून फेकल्या. मूळ हिंदी वाचताना मी हसले होते. लिहिलंच तसं छान आहे.

मी मैल ठेवले आणि ‘भरधाव’ लिहिला. संपादकांचा लगेच निरोप आला: मैल चालतील, मुलाच्या तोंडी आहेत हे लक्षात आलं. पण ‘भरधाव’ने अपघाताची बातमी वाचल्यासारखं वाटतं, बघा. मी उत्तर देण्याआधी बाबूसांना तो भाग वाचून दाखवायला गेले. त्यांना मराठी अर्धीमुर्धी कळते, हिंदीच्या आणि गुजरातीच्या आधाराने. ‘भरधाव’पाशी त्यांनी थांबवलं. मी दोन्ही अर्थ सांगितले, घोड्याचा आणि वर्तमानपत्राचा. संपादकांची शंकाही सांगितली.

बराच वेळ ते त्यांच्या सवयीप्रमाणे पांढऱ्या कागदावर काही नसलेले खडे बोटाने वेचत राहिले. मग म्हणाले, टोपली एकटी उडाली नव्हती. माणूसही पडला होता. मनगट मोडलं होतं. भावाची मान सरळ होती, त्याला फक्त आवाज आला. डावीकडे मी होतो. मी त्याच वेळी ओरडून चाळीस सांगितले, कारण काटा पहिल्यांदाच चाळीसवर गेला होता. लाख निखाऱ्यावर गरम असतानाच वळावी लागते, दोन्ही मनगटं लागतात. दोन महिने तो कामावर बसला नाही. त्याचं नाव त्यांनी मला सांगितलं. वडिलांनी घरी धान्य पाठवलं होतं, तेही सांगितलं. “इतना लिख दीजिए,” म्हणाले. “मराठी में लिख दीजिए.”

आता माझ्यापुढे असं वाक्य आहे जे मूळ पुस्तकात नाही. हिंदी आवृत्ती छापून झालेली आहे, तिच्यात बांगड्या अजून घरंगळतायत. भाषांतरात भर घालू नये, हे मी दोन ठिकाणी कार्यशाळांमध्ये शिकवते. मी ते वाक्य लेखकाच्या तोंडी, त्यांनी सांगितलं त्याच क्रमाने लिहिलं: आधी चाळीस, मग मनगट. कंसात टाकलं नाही, तळटीप केली नाही. पान पुण्याला पाठवलं.

संपादकांनी दोन दिवसांनी विचारलं, हे हिंदीत मला सापडत नाही, कुठल्या पानावर आहे?